पाच मिनिटांची हवा आणि भिंतीतली ओल

प्रयोगशाळेच्या अहवालात एक ओळ असते : शयनगृह, दर घनमीटर हवेत बुरशीचे ८०० बीजाणू. घरमालक ती वाचतो आणि पहिला प्रश्न विचारतो, हे जास्त आहे की कमी? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच आहे. नुसत्या त्या ओळीवरून ते कुणालाही सांगता येणार नाही.

धूलिकणांचे तसे नाही. भारताने २००९ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत १२ प्रदूषके आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा ठरलेली आहे. त्या यादीत बुरशी नाही, आणि ती मानके मुळात बाहेरच्या हवेसाठी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच घरातील ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारी वाढतात हे तिने स्पष्ट सांगितले, पण अमुक इतके बीजाणू म्हणजे सुरक्षित अशी रेघ मारली नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही बुरशीसाठी अशी मर्यादा ठरवलेली नाही. बुरशीच्या शेकडो जाती आहेत, माणसामाणसाची संवेदनशीलता वेगळी आहे आणि हवेतील बीजाणूंची संख्या तासातासाला बदलते. अशा गोष्टीला एकच मर्यादा घालणे शास्त्राला जमलेले नाही.

म्हणून हवेच्या नमुन्याचे मोल आकड्यात नसते, ते तुलनेत असते : आतली हवा बाहेरच्या हवेशी, तक्रारीची खोली बिनतक्रारीच्या खोलीशी, दुरुस्तीआधीचा दिवस दुरुस्तीनंतरच्या दिवसाशी. तुलना नीट आखली नसेल तर महागडे यंत्र आणि निष्णात तंत्रज्ञ असूनही अहवाल कागदच राहतो. लखनौसारख्या शहरात ही आखणी विशेष अवघड आहे. तिथले ऋतू, तिथली धूळ, कूलर आणि बहुमजली इमारतींची रचना या सगळ्यांचा हात त्या आकड्याला लागलेला असतो.

आधी डोळे आणि नाक

नमुना घेण्याआधी ठरवायचे असते की नमुना हवा तरी आहे का. भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसत असतील, रंगाचे पोपडे निघत असतील आणि कपाट उघडल्यावर कुबट वास येत असेल, तर घरात बुरशी आहे हे सिद्धच झाले. अमेरिकी पर्यावरण संस्था सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुन्यांची गरज नसते. ते पैसे वॉटरप्रूफिंगवाल्याला आणि प्लंबरला द्यावेत.

मात्र भिंतीवरचे पांढरे सगळेच बुरशी नसते. विटा-सिमेंटच्या भिंतीतून ओल बाहेर येते तेव्हा ती सोबत क्षार आणते. पाणी उडून जाते आणि पांढरी पूड भिंतीवर फुललेली दिसते. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. क्षार बहुधा विरघळतात, बुरशीचे तंतू विरघळत नाहीत. क्षार दिसले तरी ओल आहे हे निश्चित, म्हणून दुरुस्ती दोन्हीकडे लागतेच.

दुसरा गोंधळ काळ्या रंगाचा. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसने हाहाकार माजवला आणि केंद्र सरकारने राज्यांना तो अधिसूचित आजार ठरवायला सांगितले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'ब्लॅक फंगस' झाले. त्या आजारात काळी पडते ती रुग्णाची मृत झालेली ऊती. न्हाणीघराच्या छतावरचा काळा थर बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा अ‍ॅस्परजिलस नायजरसारख्या बुरशीचा असतो आणि म्युकरमायकोसिसशी त्याचा संबंध लावणे चूक आहे. पाश्चात्त्य देशांत ज्या 'काळ्या बुरशी'ची दहशत आहे ती स्टॅकिबोट्रिस. क्लीव्हलँड शहरात १९९३-९४ मध्ये तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतील रक्तस्रावाशी तिचे नाव जोडले गेले होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००० मध्ये ते पुरावे पुन्हा तपासले, तेव्हा तो संबंध सिद्ध होत नसल्याचे सांगितले. स्टॅकिबोट्रिसला भिजलेला कागद प्रिय. अमेरिकी घरांच्या भिंती कागद चिकटवलेल्या जिप्समच्या तक्त्यांच्या असतात, म्हणून ती तिथे फोफावते. आपल्याकडे भिंत विटांची आणि गिलावा सिमेंटचा. बुरशी वाढते ती रंगाच्या थरावर, पुट्टीवर, प्लायवूडच्या कपाटामागे, पुस्तकांवर आणि फॉल्स सीलिंगच्या पोकळीत.

मग हवेचा नमुना लागतो कधी? वास येतो पण काही दिसत नाही तेव्हा. दुरुस्ती आणि सफाई झाल्यावर ती पुरेशी झाली का हे पाहायला. दम्याच्या रुग्णाच्या डॉक्टरांना घरातल्या बुरशीची जात कळायला हवी असेल तेव्हा. आणि वरच्या फ्लॅटवाल्याशी किंवा बिल्डरशी वाद असेल तेव्हा, तोही पूरक पुरावा म्हणून.

हवेतून पकडायचे काय?

बीजाणू आकाराने सारखे नसतात. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियमचे बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचे. आल्टरनेरियाचे त्यांच्या कित्येक पट मोठे, वीस मायक्रॉनच्या पुढचे. हा फरक किरकोळ वाटतो, पण नमुन्याचे सगळे भवितव्य त्यावर ठरते. स्थिर हवेत तीन मायक्रॉनचा कण सेकंदाला जेमतेम पाव मिलिमीटर खाली येतो. दीड मीटर उंचीवरून जमिनीला लागायला त्याला दीड तास लागतो. वीस मायक्रॉनचा कण तेवढेच अंतर दोन-तीन मिनिटांत कापतो.

आता आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी पद्धत पाहा. पोषकद्रव्य घातलेली पेट्री डिश खोलीत उघडी ठेवायची, अर्ध्या-एक तासाने झाकायची आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या. डिशवर पडतात ते जड, मोठे बीजाणू. फुप्फुसांत खोलवर जाणारे बारीक बीजाणू हवेतच तरंगत राहतात. शिवाय किती लिटर हवेतून ते पडले हे कुणालाच ठाऊक नसते. उघडी डिश बुरशी आहे एवढे सांगते. किती आहे हे तिला सांगता येत नाही आणि तिच्यावरून दोन खोल्यांची तुलनाही करता येत नाही.

हवा मोजून खेचायची आणि चिकट पृष्ठभागावर आदळवायची, ही कल्पना त्यामुळेच महत्त्वाची ठरली. या विद्येत भारताचा वाटा जुना आहे. डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या लष्करी डॉक्टरने कलकत्त्याच्या तुरुंगांत वाऱ्याकडे तोंड करणाऱ्या उपकरणातून हवेतले कण चिकट काचेवर धरले आणि १८७३ मध्ये त्यांच्या सूक्ष्मदर्शी तपासणीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हवेतील बीजाणूंची संख्या आणि पटकी, ताप, हगवण यांचा मेळ बसतो का हे त्याने पाहिले. तो बसला नाही आणि त्याने तसेच लिहिले.

इंग्लंडमध्ये जे. एम. हर्स्ट यांनी १९५२ मध्ये मिनिटाला दहा लिटर हवा ओढणारा स्वयंचलित सापळा बनवला. मराठवाड्यात एस. टी. तिळक यांनी तत्कालीन औरंगाबादेत आपल्या परिस्थितीला परवडेल असे यंत्र १९७० च्या सुमारास तयार केले. 'तिळक एअर सॅम्पलर' मिनिटाला पाच लिटर हवा घेतो, संथ फिरणाऱ्या ढोलावरच्या चिकटपट्टीवर कण टिपतो आणि ढोल आठ दिवसांत एक फेरी पुरी करतो. कुठल्या दिवशी, कुठल्या प्रहरी हवेत काय होते हे त्या पट्टीवर उतरते. पाच मिनिटांच्या नमुन्याला जे कधीच जमत नाही ते हे.

लखनौही या शास्त्राला परके नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेली बिरबल साहनी संस्था परागकण आणि बीजाणूंच्या अभ्यासासाठी जगभर ओळखली जाते. लखनौच्या हवेतील बीजाणूंचे रोटोरॉड यंत्राने केलेले सर्वेक्षण २००१ मध्ये 'एरोबायोलॉजिया' या नियतकालिकात आले. फिरत्या चिकट दांड्यांचे हे यंत्र मोठे कण छान पकडते, पण बारीक कण दांडीला वळसा घालून निसटतात. यंत्र बदलले की हवेचे चित्र बदलते. म्हणून दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

दोन यंत्रे, दोन उत्तरे

इमारतींच्या तपासणीत आज दोन प्रकार चालतात. पहिला बीजाणू-सापळा. प्लास्टिकची छोटी कॅसेट, आत चिकट काच आणि मागे पंप. मिनिटाला १५ लिटर या गतीने पाच मिनिटांत ७५ लिटर हवा जाते. काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जिवंत-मेलेले सगळे बीजाणू मोजतात. उत्तर एक-दोन दिवसांत मिळते. पण अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियमचे सुटे गोल बीजाणू नुसते पाहून वेगळे करता येत नाहीत, म्हणून अहवालात ते एकत्र येतात.

दुसरा अँडरसन पद्धतीचा. अँडरसन यांनी तो १९५८ मध्ये मांडला. ४०० बारीक भोकांच्या चाळणीतून मिनिटाला २८.३ लिटर हवा पेट्री डिशवर आदळते. डिश २५ अंशांना पाच-सात दिवस ठेवली की वसाहती उगवतात आणि जात ओळखता येते. पण इथे जिवंत आणि त्या पोषकद्रव्यावर वाढू शकणारेच बीजाणू दिसतात. मेलेले बीजाणूही अ‍ॅलर्जी देऊ शकतात, ते इथे निसटतात. शिवाय एकाच भोकातून दोन-तीन बीजाणू गेले तरी वसाहत एकच दिसते, म्हणून आकडा सुधारावा लागतो. ४०० पैकी २०० भोकांखाली वाढ दिसली तर खरी संख्या सुमारे २७७ धरतात. अहवालात ही दुरुस्ती केली आहे का, हे विचारायला संकोचू नये.

सापळ्याचे गणित घरमालकालाही करता येते. ७५ लिटर म्हणजे घनमीटरचा सुमारे तेरावा भाग. काचेवर सापडलेला एकच बीजाणू अहवालात १३ होतो. काचेचा पाव भागच मोजला असेल तर तो ५३ होतो. चार बीजाणू दिसले तर अहवाल म्हणेल ५३. पण चार ही संख्या योगायोगाने दोन किंवा आठही झाली असती. संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरे मूल्य १५ ते १३५ च्या दरम्यान कुठेही असू शकते. तेव्हा एका खोलीत ५३ आणि दुसरीत १०६ आले म्हणून दुसऱ्या खोलीत दुप्पट बुरशी आहे असा निष्कर्ष काढणे साफ चूक. म्हणूनच काचेवर प्रत्यक्ष किती बीजाणू मोजले गेले हा आकडा अहवालात असायलाच हवा.

पंपाची गती ही आणखी एक गोम. बारीक बीजाणू काचेवर आदळतात ते हवेच्या झोताच्या वेगामुळे. पंप १५ ऐवजी १२ लिटर ओढत असेल तर दोन चुका एकदम होतात : गेलेली हवा ६० लिटर असते आणि आपण ७५ ने भागतो, शिवाय झोत मंदावल्याने सर्वांत बारीक बीजाणू काचेला न लागता पुढे निघून जातात. दोन्ही चुका आकडा कमी दाखवतात. म्हणून कॅसेट जोडलेली असतानाच प्रवाहमापकावर गती तपासावी, कामाच्या आधी आणि नंतरही, आणि दोन्ही नोंदी कागदावर घ्याव्यात.

लखनौत इथे स्थानिक अडचण उभी राहते. धूळ. शहरातल्या भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थेचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे वायुगुणवत्ता अहवाल दरवर्षी येतात आणि सूक्ष्म धूलिकण हा त्यांतला कायमचा विषय असतो. हिवाळ्यात, किंवा शेजारी बांधकाम सुरू असताना, पाच मिनिटांत काचेवर धुळीचा इतका दाट थर बसतो की बीजाणू त्याखाली झाकले जातात. मग वेळ दोन मिनिटांवर आणावी. पण ३० लिटर हवेत प्रत्येक बीजाणू ३३ च्या भावाने मोजला जातो आणि अनिश्चितता वाढते. तोडगा असा की कमी वेळेचे दोन-तीन नमुने घ्यावेत आणि त्यांची मोजणी एकत्र करावी. परदेशी पुस्तिकेतले 'पाच मिनिटे' डोळे झाकून पाळणारा तंत्रज्ञ इथे फसतो.

कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी

लखनौच्या घरातली ओल वर्षात तीन रूपे घेते आणि प्रत्येकीचा नमुना वेगळ्या शहाणपणाने घ्यावा लागतो.

एप्रिल ते जून कूलरचे राज्य. खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओल्या जाळीतून आत ढकलतो. वाळ्याची किंवा लाकडी भुशाची ती जाळी महिनोन्‌महिने भिजलेली असते आणि टाकीतले पाणी साचलेले. चालू कूलरसमोर घेतलेला नमुना भिंतीबद्दल काहीच सांगत नाही, तो कूलरबद्दल सांगतो. म्हणून कूलर बंद असताना एक आणि चालू केल्यावर एक, असे दोन नमुने घेतले तर दोषी कोण ते कळते. स्प्लिट एसीलाही हाच नियम, विशेषतः हिवाळाभर बंद राहून एप्रिलमध्ये पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा. याच सुमारास शहराभोवती गव्हाची काढणी आणि मळणी चालते आणि शेतातून उठलेले तांबेरा, काणी, आल्टरनेरियाचे बीजाणू शहरावर येतात. अशा दिवशी बाहेरचा नमुना घेतलाच नसेल तर शेतातली बुरशी घराच्या नावावर लागते.

जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो आणि सप्टेंबरअखेर परततो. गच्चीची गळती, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, खिडकीच्या कडा या काळात बोलू लागतात. पण भर पावसात नमुना घेणे धोक्याचे. पाऊस हवेतले कोरडे बीजाणू धुऊन नेतो, बाहेरचा आकडा खाली जातो आणि आतले प्रमाण उगाच मोठे दिसते. याउलट काही बुरशी ओल लागल्यावरच बीजाणू उडवतात, त्यांची संख्या पावसानंतर वाढते. जोराच्या सरीनंतर एक-दोन कोरडे दिवस जाऊ द्यावेत. पावसाळा सरतानाचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. ओल मुरलेली असते आणि हवा स्थिरावलेली असते.

डिसेंबर-जानेवारीत धुके आणि बंद खिडक्या. या काळातली ओल गळतीची नसते, श्वासाची, स्वयंपाकाची आणि खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची असते. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरते. बुरशीला मात्र दव लागतही नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तिचे भागते, आणि त्यासाठी भिंत साडेपंधरा अंशांपर्यंत थंड असली तरी पुरे. उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे लखनौच्या जानेवारीत ही स्थिती सहज येते. गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून ही बुरशी जाणार नाही. कपाट चार बोटे पुढे ओढावे, खिडकी दुपारी उघडावी.

प्रहरही मोजावा. क्लॅडोस्पोरियम आणि आल्टरनेरिया दिवसा, ऊन तापल्यावर हवेत वाढतात. भूछत्रांचे आणि ओल्यात उडणारे इतर बीजाणू रात्री आणि पहाटे. आतला नमुना सकाळी आणि बाहेरचा दुपारी घेतला तर ती तुलना तुलनाच नव्हे.

सोसायटीत नमुना कुठे?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका पातेल्यात सारखा शिजलेला असतो. इमारतीतली हवा तशी नसते. गोमतीनगर विस्तारातल्या किंवा कुठल्याही नव्या उंच इमारतीत न्हाणीघरांच्या मागे उभा डक्ट असतो. त्यात सांडपाण्याचे पाइप, सगळ्या मजल्यांच्या एक्झॉस्ट फॅनची हवा, तळाशी साचलेले पाणी आणि कबुतरे. सहाव्या मजल्यावरच्या सांध्यातली गळती चौथ्या मजल्याच्या भिंतीवर दिसते आणि चौथ्याचा वास आठव्याच्या न्हाणीघरात येतो. आपल्या घरातले बीजाणू आपल्याच भिंतीतले आहेत असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून नमुन्यांची किमान मांडणी अशी असावी. तक्रारीची खोली. त्याच फ्लॅटमधली तक्रार नसलेली खोली. डक्टला लागून असलेले न्हाणीघर, एक्झॉस्ट फॅन बंद ठेवून. मजल्यावरची लॉबी, कारण घराचा दरवाजा तिच्यात उघडतो. शक्य असेल तर त्याच मजल्यावरचा, दुसऱ्या डक्टवरचा, कोरडा फ्लॅट. आणि बाहेरचे दोन नमुने, एक कामाला सुरुवात करताना, एक संपवताना. बाहेरचा नमुना डक्टच्या, कचराकुंडीच्या किंवा कुंड्यांच्या शेजारी घेऊ नये. खिडक्या ज्या बाजूने हवा घेतात त्या बाजूला, मोकळ्या गॅलरीत किंवा गच्चीवर घ्यावा.

पैसे चारच नमुन्यांचे असतील तर? चार खोल्यांत एकेक घेणे हा सर्वांत वाईट उपयोग. दोन बाहेरचे, एक तक्रारीच्या खोलीचा, एक कोरड्या खोलीचा, हा त्यापेक्षा फार चांगला. त्याखेरीज एक कोरी कॅसेट उघडून लगेच बंद करून बाकीच्यांसोबतच पाठवावी. तिच्यावर बीजाणू निघाले तर दोष हाताळणीत किंवा प्रयोगशाळेत आहे हे उघड होते.

खोलीत यंत्र मध्यभागी, जमिनीपासून एक ते दीड मीटर उंचीवर, म्हणजे बसलेल्या-उभ्या माणसाच्या नाकाच्या पातळीवर ठेवावे. भिंतीला, पंख्याच्या झोताला, एसीच्या तोंडाला चिकटून नको. आदल्या रात्रीपासून खिडक्या बंद. त्या सकाळी झाडलोट नाही, गाद्या झटकणे नाही, फोडणी नाही. झाडू फिरला की जमिनीवर बसलेले बीजाणू उठतात आणि आकडा अनेक पटींनी वाढू शकतो. काही जण मुद्दाम गालिचा आपटून किंवा ब्लोअर लावून नमुना घेतात. सफाईनंतरच्या कठोर तपासणीत त्याला अर्थ आहे, पण तो नमुना शांत हवेच्या नमुन्याशी ताडता येत नाही. छताचा पंखा नेहमी चालू असेल तर सगळ्या खोल्यांत चालू किंवा सगळ्यांत बंद, यांपैकी एकच काय ते ठरवावे.

प्रत्येक नमुन्यासोबत नोंद हवी : क्रमांक, सुरू आणि बंद करण्याची वेळ, तापमान, आर्द्रता, खिडक्या, पंखा, कूलर, खोलीतली माणसे, बाहेरचे हवामान. बीजाणू-सापळ्यांच्या नमुन्यांसाठी अमेरिकी मानक डी ७७८८ आणि मोजणीसाठी डी ७३९१, तर आखणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक १६००० चा १९ वा भाग आहे. तंत्रज्ञ यांपैकी काय पाळतो हे कामाआधी विचारावे. प्रवासाचेही पाहावे. कॅसेट उन्हातही टिकते. मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या लखनौत कुरिअरच्या डिक्कीत पडून राहिलेली पेट्री डिश मात्र सुकते किंवा वाटेतच उगवते. ती थंड डब्यातून एका दिवसात पोचवायला हवी.

अहवाल वाचताना

एकूण आकडा शेवटी पाहावा, आधी जातींची यादी पाहावी. आत आणि बाहेर त्याच जाती, त्याच क्रमाने आणि आत थोड्या कमी, तर घर बाहेरची हवा घेत आहे एवढाच अर्थ. आत एखादी जात बाहेरच्या दोन्ही नमुन्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आणि तक्रारीच्या खोलीत सर्वाधिक असेल, तर आत कुठेतरी वाढ आहे असे मानायला जागा आहे. अ‍ॅस्परजिलस-पेनिसिलियमचा असा फुगवटा नेहमीचा. कीटोमियम किंवा स्टॅकिबोट्रिस थोडीशी दिसली तरी लक्ष द्यावे, कारण या बुरशी खूप भिजलेल्या कागद-लाकडावर वाढतात आणि स्टॅकिबोट्रिसचे बीजाणू चिकट असल्याने हवेत सहसा येत नाहीत. त्याच कारणाने हवेच्या नमुन्यात ती सापडली नाही म्हणजे घरात नाही असेही नव्हे. भिंतीमागची वाढ पाच मिनिटांच्या हवेत उतरेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. 'नमुना स्वच्छ आला' आणि 'घर कोरडे आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत.

घर कोरडे आहे का हे सांगणारी साधने स्वस्त आहेत. आर्द्रतामापक खोलीत ठेवून महिनाभर नोंदी घ्याव्यात, आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहील असे पाहावे. ओल मोजणारे भिंतीवरचे मीटर गळतीचा माग हवेच्या नमुन्यापेक्षा नेमका दाखवते. वादातही यांचेच वजन जास्त. स्थावर संपदा कायदा २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. उत्तर प्रदेशच्या नियामक प्राधिकरणाचे मुख्यालय लखनौतच आहे. तिथे तारखांसह छायाचित्रे, ओलीच्या नोंदी आणि प्लंबरचा अहवाल आधी ठेवावेत, बीजाणूंचा तक्ता त्यांच्या मागे.

दुरुस्तीचा क्रमही तोच. आधी पाणी थांबवायचे, मग भिजलेले सामान एक-दोन दिवसांत वाळवायचे किंवा टाकायचे, मग डाग साबणाच्या पाण्याने घासायचे आणि शेवटी रंग. ओल्या भिंतीवर चढवलेला 'बुरशीरोधक' रंग पुढच्या पावसाळ्यापर्यंत धीर देतो, त्यापुढे नाही.

तेव्हा तपासणीवाल्याला फोन करताना पाच प्रश्न आधी विचारावेत. बाहेरचे नमुने किती घेणार? कोरड्या खोलीचा घेणार का? पंपाची गती कामाआधी आणि नंतर मोजणार का? धूळ जास्त असेल तर वेळ बदलणार का? अहवालात प्रत्यक्ष मोजलेले बीजाणू आणि त्या दिवसाच्या नोंदी देणार का? यांतल्या एकाचेही उत्तर 'त्याची गरज नसते' असे आले, तर त्या माणसाला बोलावू नये. त्याच पैशात आधी एक चांगला प्लंबर मिळतो.